मांजराला अंगण नको, काम हवं

मंडळी, निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय ‘मोकाट हिंडणारं मांजर घरात रमवण्याचा सहा आठवड्यांचा क्रम’ असा दिला आहे. तो क्रम मी सांगणारच आहे. पण त्याआधी एक गाठ सोडवायला हवी. ती सुटली नाही तर सहा आठवडे काय, सहा महिनेही पुरायचे नाहीत.

बहुतेक घरांत होतं असं, की एके दिवशी दार बंद केलं जातं. वाटीत खाणं भरलेलं असतं, कोपऱ्यात लिटरचा, म्हणजे शी-शूसाठी दाणेदार माती भरलेला ट्रे असतो, झोपायला मऊ गादी असते. दोन-तीन रात्रींत मांजर दाराशी बसून टाहो फोडायला लागतं, पडद्यांवर चढतं, चालत्या पायांवर झडप घालतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘मुक्या जिवाला कोंडू नका, सोडा त्याला.’ हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. बोलणाऱ्याची माया खरी असते, पण निदान चुकलेलं असतं. बाहेर गाड्या आहेत, कुत्री आहेत, उंदरांसाठी पेरलेलं विष आहे, मारामारीतल्या चाव्यांतून पसरणारा, मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा एफआयव्हीसारखा विषाणू आहे. आणि घरात जे कोंडल्याचं दुःख म्हणून दिसतं, ते बहुतेक वेळा बेकारीचं दुःख असतं.

बाहेरच्या मांजराच्या दिवसाचा हिशोब मांडून बघा. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. एका उंदरातून ३०च्या आसपास मिळतात. म्हणजे सात-आठ उंदीर झाले. प्रत्येक झडप काही साधत नाही, त्यामुळे प्रयत्न त्याच्या कितीतरी पट. कानोसा घेणं, दबा धरणं, पाठलाग, झडप, चावा, मग खाणं, अंग चाटणं आणि झोप, हे चक्र दिवसातून अनेकदा फिरतं, पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जोरात. आपण मांजराला घरात आणतो तेव्हा पहिली पाच कामं काढून घेतो आणि खाणं-झोप तेवढी ठेवतो. मग अंगातली ताकद पडद्यांवर निघते, दुसरं होणार काय?

याला आधार आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मांजरं मोकळीच होती, त्यांनी घरी आणलेली शिकार मोजली. ज्यांना मांसाचं भरपूर प्रमाण असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिलं त्यांची शिकार ३६ टक्क्यांनी घटली. ज्यांच्याशी रोज फक्त ५ ते १० मिनिटं शिकारीचा खेळ खेळला गेला, त्यांची २५ टक्क्यांनी घटली. खाणं कोड्यात लपवून देणाऱ्या भांड्यांनी मात्र शिकार उलट वाढली. म्हणून सांगते, नुसतं कोड्याचं भांडं आणून खेळाची जबाबदारी टाळता येत नाही. दहा मिनिटं तुम्हालाच द्यायची आहेत.

ही दहा मिनिटं कशी द्यायची, इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळी चूक इथेच होते. काठीला दोरी, दोरीच्या टोकाला पीस किंवा कापडाची चिंधी. लोक ती मांजराच्या तोंडासमोर नाचवतात. कुठला उंदीर मांजराच्या तोंडावर येऊन नाचतो? भक्ष्य नेहमी लांब पळतं. चिंधी भिंतीच्या कडेने सरकवा, खुर्चीच्या पायामागे अर्धी लपवा आणि थांबवा. आता मांजराकडे बघा. बाहुल्या मोठ्या होतात, कान पुढे येतात, पोट जमिनीला टेकतं, मागचा भाग डावी-उजवीकडे हलायला लागतो. या क्षणी घाईने दोरी ओढू नका, त्याला दबा धरू द्या. मग चिंधी हळूच थरथरवा, झडप येईल. दोन-तीन झडपांत एकदा ती त्याच्या पंजात सापडू द्या, मागच्या पायांनी लाथाडू द्या. शेवटची दोन मिनिटं हालचाल मंद करत आणा, शिकार दमली असं वाटलं पाहिजे. शेवटी तिला निपचित पडू द्या आणि लगेच वाटी पुढे करा. झडप, चावा, खाणं, चाटणं, झोप, सगळं ओळीने होतं. लेझरचा ठिपका पंजात कधीच येत नाही, त्याने मांजर चिडचिडं होऊ शकतं. तो वापरायचाच असेल तर शेवटी ठिपका खाऊच्या तुकड्यावर आणून थांबवा. खेळ संपला की दोरी कपाटात ठेवा, मांजर ती गिळतं आणि आतडी अडकतात.

दुसरी गोष्ट दाराची. ओरडल्यावर नऊ वेळा दार उघडलं नाही आणि दहाव्या वेळी कंटाळून उघडलं, तर मांजर एवढंच शिकतं की दहा वेळा ओरडायचं. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट असते, वर्तनशास्त्रात हे पक्कं ठाऊक आहे. ओरडण्याला उत्तर मिळेनासं झालं की ते थांबण्याआधी वाढतं. नेमक्या त्याच रात्री घरातल्या एकाचा धीर सुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून आधी घरातल्या सगळ्यांचं एकमत करा, आजी-आजोबांसकट.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, वेळ थोडाच उरला आहे. तेव्हा क्रम आता भराभर सांगते, लिहून घ्या.

नसबंदी झाली नसेल तर ती आधी. बोक्याची भटकण्याची ओढ त्यानंतर काही आठवड्यांत उतरते. नसबंदीनंतर ऊर्जा कमी लागणाऱ्या शरीराला तेवढंच खाणं दिलं तर वजन वाढतं, म्हणून मोजून द्या. पहिला आठवडा जेवणाचा: दिवसभर भरलेली वाटी बंद, चार-पाच छोटी जेवणं ठरल्या वेळी, सगळी घरात. शेवटचं जेवण तिन्हीसांजेला खेळानंतर, आणि मग रात्रभर दार बंद.

दुसरा आठवडा लिटरचा. ते जिथे माती उकरतं तिथलीच माती ट्रेमध्ये भरा आणि दर तीन-चार दिवसांनी पाव भाग माती काढून तेवढं लिटर घाला. हे काम पुढच्या आठवड्यांत आपोआप सुरू राहील. लिटर बारीक दाण्याचं, बिनवासाचं, साधारण ५ सेंटिमीटर जाडीचं. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट, शेपूट सोडून मोजायचं. ट्रेंची संख्या मांजरांपेक्षा एकाने जास्त, जेवणापासून लांब, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी नको. रोज साफ करा. मांजराच्या विष्ठेतले टॉक्सोप्लाझ्माचे, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीचे जंतू संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे रोजच्या सफाईने तोही धोका टळतो. गर्भवती स्त्रीने हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

तिसरा, चौथा आठवडा: बाहेरची वेळ दर दोन दिवसांनी अर्ध्या तासाने कमी. बाहेर सोडायचं ते दुपारी, मांजर सुस्त असताना, आणि तुमच्या वेळेला. ते ओरडलं म्हणून कधीच नाही. याच काळात खिडकीशी उंच फळी बसवा, खिडकीला पक्की जाळी लावा. साध्या मच्छरदाणीवर भिस्त ठेवू नका, नख्यांनी ती फाटते. ओरबाडण्याचा खांब किमान ७५ ते ९० सेंटिमीटर उंच, अजिबात न डुगडुगणारा आणि झोपायच्या जागेशेजारी हवा, कारण उठल्यावर मांजर आधी ताणून देतं. पाचव्या आठवड्यात दार कायमचं बंद. सहावा आठवडा तग धरण्याचा: पहाटेच्या ओरड्यासाठी ठरल्या वेळी उघडणारं यंत्रभांडं वापरा, म्हणजे जेवण तुमच्या उठण्याशी जोडलं जात नाही.

घरातली लिली आजच बाहेर काढा. तिचा परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतो. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं गोचीडनाशक मांजराला लावू नका, ते त्याला जीवघेणं ठरतं. बोका वारंवार ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला पशुवैद्याकडे न्या, सकाळची वाट पाहू नका. मांजराने दिवसभर तोंडच लावलं नाही तरी फोन करा. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठते, म्हणून ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट त्याच्यापाशी चालत नाही.

आणि शेवटचं. माणसाच्या हाताची सवय कधीच न लागलेलं, मोठं झालेलं रानटी मांजर या क्रमात आणू नका. घर त्याला खरोखरच पिंजरा वाटतं. त्याची नसबंदी करा, लस द्या आणि जिथून पकडलं तिथेच परत सोडा.