‘आपण आर झोनमध्ये आहोत’ म्हणजे नक्की काय?

नमस्कार मंडळी. हा माझ्या मागे मुंबईच्या विकास आराखड्याचा नकाशा आहे. पिवळा दिसतोय तो निवासी, म्हणजे आर झोन. निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, ‘आपण आर झोनमध्ये आहोत, काळजी नाही.’ मला तिथेच काळजी वाटते.

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत आर-वन म्हणजे एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर. आपल्या १९९१च्या नियमावलीतही आर-वन, आर-टू होते, पण फरक दुकानांचा होता. बंगला की चाळ, हे त्यात नव्हतंच. २०१८मध्ये डीसीपीआर २०३४ ही नवी विकास नियमावली लागू झाली आणि एकच आर झोन राहिला. खाली दुकान चालेल का, दवाखाना चालेल का, हे त्या झोनच्या अटींवर ठरतं, त्यात रस्त्याची रुंदीही आली.

आणि इमारत केवढी होणार? ते एफएसआय सांगतो, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. मूळ एफएसआय शहरात १.३३, उपनगरात १. पण गिरगावातली सेसची, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी चाळ नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली पुनर्विकासाला गेली की हिशोब ३वर जातो. रंग तोच, पिवळा.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचं सांगते. बिल्डरचा माणूस दोनदा प्लॅन दाखवून गेला, निम्म्या सभासदांची तयारीही झाली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी डीपी रिमार्क काढला, म्हणजे विकास आराखड्यात आपल्या प्लॉटवर काय काय दाखवलंय ते सांगणारा पालिकेचा कागद. प्लॉट पिवळाच होता, पण त्याच्या कडेने रस्तारुंदीकरणाची रेष आत आलेली. कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, कोपऱ्यातला उंबर, तिन्ही रस्त्यात. प्लॅनमध्ये पार्किंग नेमकं तिथेच होतं! अशा जागेचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरमध्ये (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो, हे खरं आहे. पण जागा जाते ती जातेच, आणि हे सहीच्या आधी कळायला हवं.

रिमार्क पालिकेच्या साइटवरून काढता येतो. त्यासाठी जमिनीचा सर्व्हे नंबर हवा: उपनगरात सीटीएस नंबर लागतो, शहरात सीएस नंबर. प्रॉपर्टी कार्डावर बघा, सापडेल. कागद हातात आला की झोनची ओळ वाचून घडी घालू नका. खाली रिझर्वेशन (म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) आणि रस्ता असे रकाने असतात. ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचा, मागच्या खुर्चीवरच्या आजींनाही ऐकू जाईल असे.