बाटलीवरचा त्रिकोण

नमस्कार मंडळी. कपाशीच्या फवारण्या सुरू झाल्यात, म्हणून आज फक्त कीटकनाशकाच्या, म्हणजे फवारणीच्या औषधाच्या, बाटलीवरच्या लेबलाबद्दल बोलायचंय. यवतमाळ जिल्हा 2017 चा खरीप विसरलेला नाही, फवारणीच्या विषबाधेने वीसेक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली.

कायदा आहे बरं का. 1968 चा कीटकनाशक कायदा, 1971 चे नियम. लेबलावर तो कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो ना, त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पुन्हा सांगतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा. आणि हिरवा असला तरी ते विषच.

आता ती गोष्ट सांगतोच. आमच्या नात्यातला एक पोरगा, ऐन भादव्यात, कपाशी डोक्याएवढी झालेली, नाकाला नुसता रुमाल बांधून फवारत होता. दुपारी घरी आला तर अंगभर घाम, तोंडातून लाळ, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. तालुक्याला नेला. डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं, कोणतं औषध मारलं? सगळे गप्प. कुणी म्हणे पांढरी बाटली, कुणी म्हणे निळं झाकण. मग त्याचा मामा गाडी काढून परत शेतात गेला, बांधावर बाटली सापडली पण लेबल चिखलात गेलेलं, लाल त्रिकोणाचा कोपरा तेवढा दिसत होता. तिथून दुकानात. दुकानदाराने मागच्या खोलीतला रिकामा खोका उलटा केला तर माहितीपत्रकांचा गठ्ठाच खाली पडला, एकाचीही घडी मोडलेली नाही! बाटल्या विकल्या आणि कागद खोक्यातच. त्यात चक्क मराठीत लिहिलेलं, लक्षणं कोणती, प्रथमोपचार काय, उतारा ॲट्रोपिन. डॉक्टरांनी लक्षणं बघून ॲट्रोपिन आधीच सुरू केलं होतं, पण कागद वाचून म्हणाले, आता नक्की कळलं. पोरगा वाचला.

आणि एक, विषय थोडा वेगळा आहे पण बोलल्याशिवाय राहवत नाही. पंप मालकाचा, औषध मालकाचं, मग हातमोजे आणि मास्क मजुराने कुठून आणायचे? ते मालकानेच द्यायला पाहिजेत, रोजातून न कापता.

औषधाचा रिकामा डबा घरात आणू नका, धुऊनसुद्धा नाही. बिहारच्या सारण जिल्ह्यात 2013 मध्ये शाळेतल्या जेवणाने 23 लेकरं गेली, तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं, तेल औषधाच्या जुन्या डब्यात ठेवल्याचा संशय होता. मोनोक्रोटोफॉस, लाल त्रिकोणवालं.

सिगारेटच्या पाकिटावर 2016 पासून 85 टक्के जागा इशाऱ्याला द्यावी लागते, दोन्ही बाजूंनी, चित्रासकट. आणि औषधाच्या बाटलीवरची मराठी अक्षरं भिंगाने वाचायची? सरकारने ती मोठी करायला लावावीत, आणि माहितीपत्रक हातात दिल्याशिवाय कृषी केंद्राला बिल फाडू देऊ नये. तोवर तुम्ही मागा. पक्कं बिल मागा, माहितीपत्रक मागा, आणि कुणाला मळमळलं, गरगरलं की माणसासोबत बाटली आणि तो कागद दोन्ही दवाखान्यात न्या.