जमिनीखालचं पाणी आधी मोजा
(इंदूरमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आशियातल्या पर्यावरण धोरणासाठी आधी संशोधन कशावर व्हावं, हा आजचा विषय. हिमनद्या, कोळसा, शहरांची हवा, सगळेच प्रश्न मोठे आहेत. मी मात्र एकाच कामासाठी भांडणार आहे: वर्षानुवर्षं खंड पडू न देता केलेली भूजलाची मोजणी.

जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आपला. तरी आधी जपानकडे जाऊ. ओसाका आणि टोकियोत कारखान्यांनी इतकं पाणी उपसलं की जमीनच खचू लागली. टोकियोच्या कोतो भागात ती चार मीटरांहून अधिक खाली गेली. कारणावरून वाद होता. मग महायुद्धाच्या अखेरीस कारखाने बंद पडले, उपसा थांबला आणि खचणंही जवळजवळ थांबलं. कारखाने पुन्हा सुरू झाले, तशी जमीन पुन्हा खचू लागली. हे कळलं, कारण ठरलेल्या खुणांची उंची तिथे नेमाने मोजली जात होती. १९५६ साली औद्योगिक पाण्याचा कायदा आला, पुढे बंधनं घट्ट होत गेली आणि टोकियोचं खचणं आवरलं. जकार्ता अजून खचतेच आहे.

आता माळवा. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ अशी ज्याची ख्याती, त्या मुलखातलं आपलं इंदूर १९७८ पासून नर्मदेचं पाणी पितंय. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, तेही चारशे मीटरांहून जास्त चढवून. विजेचा खर्च एवढा, की महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढून ६० मेगावॉटचा सौरप्रकल्प हाती घेतला. उत्तमच केलं. पण आपल्या पायाखाली किती पाणी उरलंय?

खाली आहे काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमाड थरात आणि भेगांत. म्हणून एकाच गल्लीत एकाची बोअर मे महिन्यात कोरडी, शेजाऱ्याची चालू. जिल्ह्याच्या सरासरीत ही गल्ली दिसतच नाही. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा निरीक्षण विहिरी मोजतं, ते मोलाचं आहे. शहराला मात्र याहून दाट जाळं लागेल.

मोजणं अवघड नाही. वजन बांधलेली फीत, तिच्या टोकाला हातभर खडू फासलेला. विहिरीत सोडायची, खडू भिजला तिथवर पाणी. काठावरची खूण दर वेळी तीच हवी आणि आसपासचे पंप काही तास आधीपासून बंद हवेत, नाहीतर आकडा फसवा.

घोडं अडतं पैशापाशी. प्रकल्पाला निधी मिळतो दोन-तीन वर्षांचा. मग विद्यार्थी पदवी घेऊन जातो, वही कपाटात जाते. दहाव्या वर्षीच्या मोजणीतून नवा शोधनिबंध निघत नाही, म्हणून तिला पैसे नाहीत. आणि दुष्काळ पडला की सगळे तीच वही शोधतात!

होळकर विज्ञान महाविद्यालय १८९१ पासून या शहरात उभं आहे. अशा संस्था एखादं काम तीस वर्षं धरून ठेवू शकतात. वॉर्डावॉर्डातल्या काही विहिरी त्यांच्याकडे सोपवा. मे आणि नोव्हेंबरमध्ये मोजा, आकडे सर्वांसाठी खुले ठेवा. आणि नव्या बोअरला परवानगी देण्याआधी त्या वॉर्डाचा आकडा पाहणं बंधनकारक करा.