पिल्लाचं वजन आणि त्याचे सांधे
(ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत श्वानपालकांसमोर एका पशुवैद्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, माझ्याकडे रॉटवायलरचं पिल्लू घेऊन येणारे बहुतेक जण कौतुकाने सांगतात, "डॉक्टर, चारच महिन्यांचा आहे, पण बघा कसा दणकट झालाय!" मी मात्र त्याचे मागचे पाय बघत असतो.

हा कुत्रा जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा. खाटकांची गुरं हाकायची, मालाच्या गाड्या ओढायच्या, ही त्याची मूळची कामं. रेल्वेमुळे ती गेली आणि 1910 साली तिथे पोलीसकामासाठी त्याला मान्यता मिळाली. चांगल्या घराण्यातला रॉटवायलर ऊठसूट भुंकत नाही. आधी थांबून बघतो, मग ठरवतो. म्हणून त्याला भडकवून 'राखणदार' बनवायची काहीच गरज नसते. गरज असते ती लहानपणी जग दाखवायची. लिफ्ट, वॉचमन, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, छत्र्या, लहान मुलं हे सगळं तीन ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान त्याच्या नजरेखालून जायला हवं. या जातीच्या पिल्लांना पार्व्होचा, म्हणजे उलट्या-जुलाब लावणाऱ्या जीवघेण्या विषाणूचा, धोका जास्त असतो, तेव्हा लसी पूर्ण होईपर्यंत खाली न सोडता कडेवर घेऊन फिरवा. लसीचा शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधी संपवू नका.

आता पायांकडे येतो. जन्मताना अर्धा किलोसुद्धा नसलेलं हे पिल्लू दीड-दोन वर्षांत पन्नास किलोच्या घरात जातं. एवढ्या वेगात हाडं वाढत असताना आपण त्याला अंडी, दूध, वरून कॅल्शियमचं सिरप देतो. प्रेमानेच देतो, पण नुकसान तिथेच होतं. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, ते शरीरात शिरतं आणि हाडांची घडण बिघडवतं. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचा तयार आहार देत असाल, तर वरून कॅल्शियम अजिबात नको. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही, तो हिप डिस्प्लेजिया. तो आनुवंशिक आहे, म्हणून पिल्लू घेताना आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. दाखवत नसतील तर घेऊ नका. पण तो किती त्रास देणार, हे बरंचसं वजनावर ठरतं. बरगड्यांवरून हात फिरवा. त्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. आणि आपल्या फ्लॅटमधल्या त्या गुळगुळीत टाइल्स! पिल्लू त्यावर दिवसभर घसरतं. ते धावतं तिथे तरी रबरी मॅट टाका.

एक केस मला विसरता येत नाही. सात वर्षांचा कुत्रा, पुढच्या पायाने लंगडत होता. मुरगळला असेल म्हणून घरच्यांनी महिनाभर वेदनाशामक गोळ्यांवर काढला. एक्स-रेत मनगटाच्या वर हाडाचा कॅन्सर निघाला. या जातीत तो बऱ्यापैकी आढळतो. रॉटवायलरवरच झालेल्या 2002 सालच्या एका अभ्यासात, वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांमध्ये तो जास्त दिसला होता. म्हणून नसबंदीची घाई करू नका, वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि मोठ्या वयाचा कुत्रा आठवड्याहून जास्त लंगडला, तर गोळी नको, एक्स-रे काढा.

शेवटचं, पोटाचं. खोल छातीच्या कुत्र्यांचं जठर हवेने फुगून पीळ खातं. कुत्रा ओकारी काढतो पण काही पडत नाही, लाळ गळते, पोट ढोलासारखं ताठ होतं, तो एका जागी बसत नाही. अशा वेळी हातात फक्त काही तास असतात. ओवा-हिंग लावत बसू नका, सकाळची वाट बघू नका. दिवसाचं जेवण दोन-तीन वेळांत वाटून द्या, जेवणानंतर तासभर पळवू नका. घोडबंदरचं ट्रॅफिक तुम्ही रोज भोगता. रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना कुठे आहे, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे आजच बघून ठेवा आणि त्यांचा नंबर फ्रिजवर चिकटवा.