तंबू नंतर, आधी त्याचे पाय

श्रोतेहो, नमस्कार.

अंबाजोगाईत माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, पत्र्याचे शेड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ही आमची रोजची कामं. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या कामाची भर पडली. माणूस पिकअप घेऊन येतो, मोबाइलमधला फोटो पुढे करतो आणि विचारतो, "मिस्तरी, गाडीच्या टपावर असा तंबू टाकायचाय. कोणता घेऊ?" मी त्याला आधी वाकून गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बघायला लावतो. तंबू कशावर उभा राहणार आणि गाडी पळताना त्याचं वजन कोण झेलणार, हे ठरल्याशिवाय तंबूची निवड करूच नये, असं माझं ठाम मत आहे. आज त्याबद्दलच बोलायचंय.

टपावरचा तंबू ही काही कालची गोष्ट नाही. इटलीत १९५८ साली माजोलिना नावाचा कडक कवचाचा तंबू निघाला. पुढे आफ्रिका, ऑस्ट्रेलियाच्या रानावनात फिरणाऱ्यांनी असे तंबू उचलून धरले, कारण माणूस जमिनीपासून वर झोपतो. आपल्याकडे ही गरज काय, असं कुणाला वाटेल. पण पावसाळ्यात काळ्या रानात ज्यानं रात्र काढलीय त्याला विचारा. चिखलात पाऊल घोट्यापर्यंत रुततं, दगडाखाली विंचू असतो आणि मण्यार तर रात्रीच फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती अंथरुणात येऊन चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या या गिऱ्हाइकांकडे मी हौशी माणूस म्हणून बघत नाही.

माझं असं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मधमाश्यांच्या पेट्या घेऊन फिरणारे एक काका. कधी कारळ्याच्या रानात, कधी सूर्यफुलाच्या. पेट्या रात्री हलवायच्या, उजाडायच्या आत लावायच्या आणि मग तिथंच राखण करत मुक्काम. वीस वर्षं ते गाडीच्या हौद्यात ताडपत्री ओढून झोपले. पोरानं त्यांना तंबू घेऊन दिला आणि तो बसवायला गाडी माझ्याकडे आली.

तेव्हा माझ्याकडून चूक झाली. ती इथं सांगतो, कारण तीच चूक मी नंतर तीन-चार गाड्यांवर बघितली.

मी स्क्वेअर पाइपची चांगली जाड फ्रेम केली. पुढचे दोन पाय केबिनच्या टपावर बसवले, मागचे दोन हौद्याच्या कडेला. दिसायला देखणं काम. महिनाभरानं काका परत आले, म्हणाले, "मिस्तरी, रात्री कुस बदलली की करकर वाजतंय." मी शिडी लावून वर चढलो. पुढच्या उजव्या पायाच्या वेल्डिंगच्या कडेनं केसासारखी काळी रेघ दिसत होती. बोटानं चोळली तर बोटाला गंज लागला. पाना लावून जरा ओढलं आणि रेघेनं तोंड उघडलं. आतला पाइप अर्ध्याहून जास्त चिरला होता. त्याच्यावर एक माणूस महिनाभर झोपत होता, हे मनात आलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

वेल्डिंग कच्चं नव्हतं, जागा चुकली होती. पिकअपची केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात. खड्ड्यात एक चाक गेलं की चासी पिळते आणि केबिन एकीकडे, हौदा दुसरीकडे झुकतो. खात्री करायची असेल तर घरीच करून बघा. मोकळ्या सपाट जागेत गाडीचं मागचं एक चाक सावकाश वीतभर उंचीच्या भक्कम ठोकळ्यावर चढवा, हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना दगड लावा. मग मागं उभं राहून केबिन आणि हौदा यांच्या वरच्या कडा बघा. त्या एकमेकींना समांतर राहत नाहीत. हा फरक तुमच्या फ्रेमला रोज, दर खड्ड्याला सोसावा लागणार आहे.

जोंधळ्याची राखण करायला वडील माळा बांधायचे, ते मला मग आठवलं. चारही मेढी एकाच रानात, एकाच मातीत. वाऱ्यानं माळा हलायचा, पण सगळा मिळून हलायचा. एक मेढ रानात आणि एक बांधाच्या दगडात, असा माळा आमच्या शिवारात कुणी बांधला नाही. मी गाडीवर नेमका तोच बांधला होता.

तर फ्रेमचे सगळे पाय एकाच ठिकाणी, शक्यतो हौद्यावर. छोट्या पिकअपचा केबिनचा टप आखूड आणि पत्रा पातळ असतो, तिथं तंबू ठेवायचा मोह टाळा. पाय पातळ पत्र्यावर टेकवू नका. वरून जाड प्लेट, खालून दुसरी प्लेट, मध्ये रबर, आणि आरपार बोल्ट. हौद्याचे फाळके उघडतात त्या गाडीत पाय कोपऱ्यातल्या खांबांपाशी घ्या, नाहीतर पेट्या किंवा पोती चढवायला दरवेळी फ्रेम आडवी येईल. पाइपाची तोंडं बंद करा आणि खालच्या अंगाला पाणी निघायला बारीक भोक ठेवा, नाहीतर पाइप आतून सडतो. आणि गाडीवर वेल्डिंग करायची वेळ आलीच तर आधी बॅटरीची वायर सोडवा. आजकालच्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, वेल्डिंगचा करंट त्याला मारतो.

आता वजन. इथं दोन हिशेब आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. गाडी उभी असताना वर तंबू, गादी आणि दोन माणसं, म्हणजे दोनशे किलोच्या आसपास भार सहज होतो. नीट बांधलेली फ्रेम तो झेलते, कारण भार सावकाश येतो आणि स्थिर राहतो. गाडी पळत असताना वर फक्त तंबू असतो, समजा ६० किलो. पण गाडी खड्ड्यात आदळली की तेच साठ किलो क्षणभर कित्येक पट होऊन बोल्टवर येतात, आणि करकचून ब्रेक दाबला की पुढे झेपावतात. म्हणून रॅकवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेली क्षमता गाडी चालतानाची आहे की उभी असतानाची, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. चालतानाचा आकडा नेहमी लहान असतो आणि खरेदी त्याच आकड्यावर करायची. शिवाय तंबूचे ६० आणि फ्रेमचे ५०, हे ११० किलो तुमच्या मालाच्या क्षमतेतून कायमचे वजा झाले. काकांनी त्या दिवसापासून चार पेट्या कमी भरायला सुरुवात केली.

एवढं झाल्यावर तंबू निवडायला बसा. घडीचा मऊ तंबू हलका आणि स्वस्त पडतो, उघडल्यावर ऐसपैसही होतो. पण त्याचा अर्धा भाग गाडीबाहेर लोंबतो आणि त्या भागाला शिडीचा टेकू असतो. शिडी चिखलात रुतली की बिछाना कलतो, म्हणून काळ्या मातीत शिडीखाली फळीचा तुकडा हवाच. कडक कवचाचा तंबू दोन मिनिटांत उभा राहतो आणि वारा कमी धरतो, पण जड आणि महाग. आपल्याकडे धुळीचाही विचार करावा लागतो. मऊ तंबूच्या कव्हरची चेन धुळीनं अशी बसते की ओढताना दात तुटतात. जुना टूथब्रश फिरवून वरून मेणबत्ती घासली तर चेन वर्षानुवर्षं चालते. रंग फिका घ्या. वैशाखात गडद कापडाखाली दुपारी बसवत नाही. आणि समोरासमोर खिडक्या आहेत का बघा. पॉलिकॉटनचं, म्हणजे सूत आणि पॉलिस्टर मिसळलेलं, कापड श्वास घेतं, तरी थंडीत बालाघाटाच्या डोंगरावर पहाटे गादीखाली ओल धरतेच. गादीखाली जाळीदार चटई टाकली तर खालून हवा खेळते. कापड ओलं असताना तंबू मिटावा लागला तर घरी आल्या आल्या उघडून वाळवा, दोन दिवसांत बुरशी येते.

बसवताना तंबूच्या खालच्या अल्युमिनियमच्या पट्टीत बोल्ट सरकतात आणि खालून आडव्या पाइपाला प्लेटनं आवळायचे. नट नायलॉकचेच, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेलेच, वापरा. फार जोर लावून आवळू नका, पट्टी फाकते. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरला थांबून प्रत्येक नट तपासा. मी तर नट आणि बोल्टवर मिळून पांढऱ्या पेंटची रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, पाना लावायचीही गरज नाही. तंबूसकट गाडीची उंची मोजून स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवा. रेल्वेखालचा भुयारी मार्ग आणि रस्त्यावर आलेली बाभळीची फांदी, दोन्हीकडे ती उंची कामाला येते.

कायद्याचं एक सांगतो. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं बंधन आहे. बोल्टनं बसणारी आणि काढता येणारी फ्रेम असली तरी काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. आणि गाडी चालू असताना वर कुणीही बसायचं नाही. पोरांना तर अजिबात चढू देऊ नका, ती हट्ट करतातच.

वळवाच्या दिवसांत आणखी जपा. दुपारी आभाळ भरून आलं, वावटळ उठली की तंबू मिटा. वीज कडाडायला लागली तर तंबूत थांबू नका. कापड विजेपासून वाचवत नाही आणि खाली लोखंडी फ्रेम आहे म्हणूनही वाचवत नाही. खाली उतरून केबिनमध्ये बसा, काचा वर करा. गाडी झाडाखाली तर मुळीच लावू नका, मग उन्हाची सावली असो की पावसाचा आडोसा.

काकांची दुसरी फ्रेम मी पदरचे पैसे घालून करून दिली. चारही पाय हौद्यावर, केबिनपासून चार बोटं मोकळी. तिला आता चौथं वर्ष चालू आहे. परवा ते लातूरकडच्या सूर्यफुलाला निघाले होते, जाता जाता दुकानापाशी थांबले. मी शिडी लावून वर बघितलं. सगळ्या पांढऱ्या रेघा सरळ होत्या. मागच्या डाव्या पायाखालचं रबर उन्हानं तडकलं होतं, तेवढं बदललं. काकांनी पेट्यांच्या तोंडावरच्या जाळ्या एकदा हातानं चाचपल्या आणि अंधार पडायच्या आत गाडी काढली.

नमस्कार.