वेदना, तृष्णा आणि समोरची खिडकी

(दृश्य : नागपूरच्या महाल भागातली गल्ली, भर दुपार. खिडकीखिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर.)

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे. पारा ४४ वर. गल्लीत चिटपाखरू नाही, आवाज फक्त कूलरचा.

(दृश्य : दीक्षाभूमीचा स्तूप, पायऱ्या.)

याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. दुःख कसं उपजतं, हे हा धम्म बारा कड्यांच्या साखळीतून सांगतो. पहिली कडी अविद्या. सातवी वेदना, म्हणजे सुखदुःखाची जाणीव; आठवी तृष्णा, म्हणजे हाव. उकडतं, ही वेदना. ‘आता एसीच पाहिजे’, ही तृष्णा. दोन्ही लगेच जाणवतात. अविद्या मात्र जाणवत नाही, म्हणून ती पहिली. धम्मातली अविद्या फार खोल आहे, ती चार आर्यसत्यं (दुःख, त्याचं कारण, त्याचा अंत आणि त्या अंताचा मार्ग) न कळण्याची आहे. तिचं रोजचं, घरगुती रूप मात्र कूलरच्या या पत्र्याच्या पेटीत दिसतं.

(दृश्य : कूलरची बाजू उघडताना. जुनं, काळं पडलेलं गवत.)

तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या. कुणी वुडवूल (लाकडाचा बारीक कीस) भरतं, कुणी खस (वाळा). खाली टाकी, टाकीत पंप. पंप पाणी वर चढवतो, वरच्या पन्हळीच्या छिद्रांतून ते ताटीवर झिरपतं आणि पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या गवतातून आत ओढतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेतं, ती या हवेतूनच. हवेत दमटपणा २० टक्के असेल, तर ४४ अंशांची हवा चांगल्या कूलरमधून २९–३० अंशांवर येते. पंखा आणि पंप मिळून वीज लागते साधारण २०० वॅट. दीड टनी एसीला दीड हजाराच्या आसपास.

(दृश्य : पन्हळीची छिद्रं, जवळून. पांढरा थर.)

मग कूलर ‘गार करत नाही’ तो का? हे बघा. बोअरच्या पाण्यातले क्षार साचून छिद्रं बुजली. जिथे पाणी उतरत नाही, तिथलं गवत कोरडं राहतं, आणि हवा नेमकी त्याच कोरड्या वाटेने शिरते, कारण तिथे अडथळा कमी. खोलीत येते ती निव्वळ लू, बाहेरची भाजणारी गरम हवा. तारेने छिद्रं मोकळी करायची. जुनं गवत फेकून नवं दोनेक इंच जाडीचं, सारखं पसरायचं. ठासून भरायचं नाही. आधी दहा मिनिटं नुसता पंप चालवायचा, मग प्लग काढून ताटीवर हात फिरवायचा. कोरडा डाग हाताला लगेच कळतो.

(दृश्य : बंद खोली. मग कुणीतरी समोरची खिडकी उघडतं. पडदा बाहेर फुगतो.)

आणि सगळ्यात मोठी चूक ही. गारवा बाहेर जाईल म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. ओली हवा कोंडते, तिच्यात आणखी पाणी मावत नाही, घाम वाळत नाही. कूलरच्या तोंडाएवढी तरी वाट समोरून मोकळी हवी. ही एक खिडकी उघडली नाही म्हणून कित्येक घरांत मोठा कूलर आला, मग एसी आला. गरज वाऱ्याच्या वाटेची होती, विकत घेतलं यंत्र.

(दृश्य : पुन्हा दीक्षाभूमी. चीवर पांघरलेले भिक्खू.)

भिक्खूच्या गरजा चारच सांगितल्या आहेत : चीवर (अंगावरचं वस्त्र), भिक्षान्न, निवारा, औषध. त्यातही चीवर पांघरताना त्याने मनाशी म्हणायचं असतं, हे थंडी-उन्हापासून, डासांपासून, वाऱ्यापासून रक्षणासाठी आहे. वस्तू कशासाठी, हे वापरतानाच स्मरायचं. संसारी माणसाला एवढा काटेकोरपणा नको असेल. पण एसी घेणाऱ्याने हे सगळं समजून घेतलं असेल, घरात आजारी माणूस असेल, तर ती निवड त्याची, पूर्ण मानाची. न समजता घेतलेल्या वस्तूला निवड म्हणणं आम्हाला पटत नाही.

(दृश्य : एसीचे बाहेरचे डबे, समोर शेजारच्याची खिडकी. मग पहिला पाऊस.)

एसी आतली उष्णता शेजारच्या गल्लीत ओततो. कूलर टाकीभर पाणी पितो. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून वाळवायची. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, अर्थिंग हवंच.

जुलैत दमटपणा ७५ टक्क्यांवर गेला, की याच पेटीतून चिकट हवा येते. तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा.