चार कोटी अंकांच्या संख्येची पारख

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा. हाती येते ४,१०,२४,३२० अंकांची संख्या. तिची सुरुवात ८८१६९४ अशी, शेवट ५१ असा. २०२४ मध्ये सापडली तेव्हा ती सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ठरली.

अशा, दोनाच्या घातापेक्षा एकने कमी असलेल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्यासाठी घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्यावर भागत नाही. घातांक ११ घ्या. २०४८ मधून १ गेला की २०४७, म्हणजे २३ गुणिले ८९. झाली संयुक्त!

एवढ्या मोठ्या संख्येला एकेका विभाजकाने भागत बसणं अशक्यच. इथे कामी येते ल्युका-लेमर कसोटी. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवा. घातांकाहून दोनने कमी इतक्या फेऱ्या करा. शेवटी शून्य आलं तरच संख्या मूळ.

१२७ वर करून पाहू. घातांक ७, म्हणून फेऱ्या पाच. ४ वरून १४. मग १९४, बाकी ६७. मग ४२, मग १११. आता १११ चा वर्ग १२३२१, त्यातून २ गेले, १२३१९. हे बरोबर १२७ गुणिले ९७. बाकी शून्य!

यातला भागाकारही नावापुरताच, आणि या कसोटीचं खरं सौंदर्य तिथेच आहे. १९४ द्विमान पद्धतीत लिहा: ११००००१०. उजवीकडचे सात अंक तोडा, १००००१०, म्हणजे ६६. डावीकडे राहिलेला १ त्यात मिळवा. ६७. बाकी मिळाली.

आपल्या मोठ्या संख्येला अशा १३,६२,७९,८३९ फेऱ्या लागतात, आणि प्रत्येक फेरीत सुमारे १७ मेगाबाइटच्या संख्येचा वर्ग. तो फूरिए रूपांतराने, म्हणजे मोठे गुणाकार झटपट करणाऱ्या गणिती पद्धतीने काढतात. त्यात उत्तरं दशांशात येतात आणि जवळच्या पूर्णांकाला आणावी लागतात. फरक ०.५ च्या आसपास गेला की चुकीचा पूर्णांक धरला जातो. मेमरीतला एक बिट उलटला तरी तेच. तिथून पुढची प्रत्येक फेरी वाया जाते, आणि खरीखुरी मूळ संख्या संयुक्त समजून हातची निसटते.

म्हणून जिम्प्स प्रकल्पात, म्हणजे स्वयंसेवकांच्या संगणकांवर मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या उपक्रमात, आधी फर्माच्या प्रमेयावरची चाचणी लावतात. तिच्यासोबत गेर्बित्स पडताळणी चालते. चूक दिसली की गणित शेवटच्या खात्रीच्या टप्प्यापासून पुन्हा सुरू होतं. १२ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स प्रोसेसरने, ल्यूक ड्युरंट यांनी चालवलेल्या गणितात, ही संख्या बहुधा मूळ असल्याचं दाखवलं. पण 'बहुधा' म्हणजे सिद्धता नव्हे. ती १९ ऑक्टोबरला मिळाली, टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ इथे, दुसऱ्या प्रोसेसरवर, ल्युका-लेमर कसोटीने.

सापडलेल्या मर्सेन मूळ संख्यांत ही ५२ वी. क्रमाने ५२ वी म्हणता येत नाही, कारण तिच्याआधीच्या कित्येक घातांकांची दुसरी तपासणी अजून व्हायची आहे.